मुदतीचा पत्ता

जुन्नरच्या भोवती डोंगर आहेत आणि त्या डोंगरांच्या पोटात लेणी आहेत, हे आपणांस मी सांगायला नको. लेण्याद्रीला आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो, मानमोडीच्या डोंगरावर शाळेची सहल नेतो. त्या लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले आहेत. सातवाहनांच्या काळातले, म्हणजे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतल्या एका लेखात शक लोकांपैकी एका उपासकाने दिलेल्या जमिनीची नोंद आहे. एका गावात करंजाच्या झाडांपाशी २० निवर्तने आणि दुसऱ्या गावात वडापाशी ९ निवर्तने. निवर्तन हे त्या वेळचे जमिनीचे माप.

त्या काळी गट नंबर नव्हता, सातबारा नव्हता, तलाठी नव्हता. करंजापाशी, वडापाशी, एवढाच काय तो पत्ता. पण तेवढ्यावर काम भागत होते. झाड जागचे हलत नाही, जमीन हलत नाही आणि ज्या पाषाणावर नोंद कोरली तो तर हलतच नाही. जे हलत नाही त्याला कायमचा पत्ता देणे सोपे असते.

आज मला बोलायचे आहे ते जे हलते त्याच्या पत्त्याविषयी. आपल्या शाळेत संगणकांची खोली असते. शिक्षकांच्या खिशात मोबाईल असतो. ग्रामपंचायतीत दाखले काढायचे यंत्र असते. ही सगळी यंत्रे एकमेकांशी बोलतात, आणि बोलण्यासाठी प्रत्येकाला एक पत्ता लागतो. हा पत्ता त्यांना कोण देतो? बहुतेक ठिकाणी तो आपोआप मिळतो, आणि आपोआप मिळतो म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. इतिहासाच्या मास्तराने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण पत्ता कोणी द्यायचा, किती मुदतीने द्यायचा आणि नोंद कोणाच्या वहीत ठेवायची, हे प्रश्न महसुलाच्या इतिहासाइतकेच जुने आहेत. शिवाय या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. ती हकीकत पुढे सांगेनच.

आधी आपल्या ओळखीच्या पत्त्यांकडे पाहू. पत्राच्या पाकिटावर आपण सहा आकडी पिन कोड लिहितो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आता एक गंमत पाहा. जुन्नरचा पिन ४१०५०२, मंचरचा ४१०५०३, नारायणगावचा ४१०५०४. मात्र घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे ठाणे, मंचरच्याच तालुक्यातले, तरी त्याचा पिन ४१२४०८. उलट घाट उतरून पार खाली असलेल्या पनवेलचा ४१०२०६. म्हणजे पहिले तीन आकडे पाहिले तर मंचरला घोडेगावपेक्षा पनवेल जवळचे! हे चुकीचे नव्हे. पिन कोड तालुक्याची हद्द सांगत नाही. पत्रांची थैली कोणत्या वाटेने पाठवायची ते सांगतो. पुढचे आकडे वाट सांगतात, शेवटचे आकडे टपाल कचेरी सांगतात. संगणकाच्या पत्त्याचा स्वभाव नेमका असाच आहे, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट आंबेगावची. तालुक्याचे नाव आंबेगाव. पण जुने आंबेगाव गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव गेले, नाव कागदावर राहिले. तिथल्या माणसांना दुसरीकडे नवा पत्ता घ्यावा लागला. जागा आणि पत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आंबेगावकरांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको.

तिसरी गोष्ट नारायणगावची. विठाबाईंच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाचे फड तिथे आपल्या राहुट्या टाकतात, आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो, आत वही असते, कोणत्या तारखेला कोणते गाव ते त्या वहीत लिहिलेले असते. हंगाम संपला की राहुटी उठते. पुढच्या वर्षी तोच फड शेजारच्या जागेत बसला तरी कोणाचे बिघडत नाही. हा पत्ता खोटा नसतो. तो मुदतीचा असतो. हंगामापुरता खरा.

तर करंजापाशीची जमीन हा कायमचा पत्ता, आणि नारायणगावची राहुटी हा मुदतीचा पत्ता. संगणकांच्या जगात आधी सगळे पत्ते पहिल्या जातीचे होते. ते दुसऱ्या जातीचे कसे झाले, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे सुरू झाले. त्यावरची यंत्रे खोलीएवढी असत आणि बोटांवर मोजण्याइतकी असत. कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक, कोणत्या कामाला कोणता क्रमांक, याची नोंद जॉन पोस्टेल नावाचा एक तरुण संशोधक ठेवी. गावच्या कुलकर्ण्याने दप्तर सांभाळावे तशी. नवा क्रमांक हवा असेल तर त्याला विचारायचे, तो वहीत पाहून द्यायचा. पोस्टेल १९९८ साली वारले, तोवर जगभरच्या या नोंदीशी त्यांचे नाव जोडलेले होते.

सप्टेंबर १९८१ मध्ये पत्त्याचा जो नमुना प्रसिद्ध झाला तोच आजही मुख्यत्वे चालतो. चार आकडे, मध्ये टिंबे, प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या आत. उदाहरणार्थ १९२.१६८.१०.२५. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने हीच पद्धत स्वीकारली. या नमुन्यात एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी ४९ लाख. त्या वेळी हे भांडार अक्षय वाटले असेल. पण जरा हिशेब करा. १९८१ साली जगाची लोकसंख्याच साधारण ४५० कोटींच्या घरात होती. म्हणजे माणशी एक पत्ता द्यायचा म्हटले तरी तो पहिल्या दिवसापासूनच अपुरा होता. प्रत्येक माणसाच्या खिशात एक संगणक येईल, हे कोणाच्या मनातही नव्हते.

आरंभी पत्ता हाताने घालीत. यंत्रापुढे बसायचे, आकडे टाइप करायचे, आणि वहीत लिहून ठेवायचे. दहा यंत्रे असतील तर हे ठीक. शंभर झाली की चुका होतात. एकच पत्ता दोन यंत्रांना गेला म्हणजे एकाची पत्रे दुसऱ्याला, दुसऱ्याची पहिल्याला, आणि अखेर दोघांचेही काम बंद.

त्यातून पहिला उपाय निघाला १९८४ साली. यंत्राच्या आतल्या पट्टीवर कारखान्यातच एक क्रमांक कोरलेला असतो. तो जन्मखुणेसारखा. यंत्राने सुरू होताच आपली जन्मखूण सांगायची, आणि दुसऱ्या एका यंत्राने आपल्या तक्त्यात पाहून त्याला पत्ता सांगायचा. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी याची सुधारलेली रीत मांडली. तिचे नाव बूटपी. ज्या यंत्रांना स्वतःची डिस्क नसे, त्यांना सुरू होताना पत्ता आणि पहिला प्रोग्राम दोन्ही या रीतीने मिळे. पण तक्ता मात्र माणसानेच भरायचा. एका यंत्राच्या नावावर एक पत्ता चढला की तो त्याच्याच नावे पडून राहायचा, यंत्र कपाटात गेले तरी. शेत पडीक राहिले तरी सातबाऱ्यावरचे नाव उतरत नाही, तसे.

ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने एक नवी रीत प्रसिद्ध झाली. तिचे लांबलचक नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. सगळे लोक डी. एच. सी. पी. म्हणतात. मार्च १९९७ मध्ये तिचा सुधारलेला मसुदा आला आणि मुख्यतः तोच आजही पाळला जातो. या रीतीने केलेला बदल एका शब्दात सांगता येतो: मुदत. पत्ता मालकीने द्यायचा नाही, खंडाने द्यायचा. मुदत भरत आली की यंत्राने येऊन ती वाढवून घ्यावी; न आले तर पत्ता मोकळा झाला, दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. आणखी एक शहाणपण या मंडळींनी केले. नवी रीत त्यांनी जुन्या बूटपीच्याच फॉर्मवर बेतली, म्हणजे जुनी व्यवस्था मोडून न टाकता नवी तिच्यावरून चालू शकली. चांगल्या सुधारणा पुष्कळदा अशाच होतात.

आता हे व्यवहारात कसे घडते ते पाहू. शिक्षकांनी वर्गात चार मुले उभी करून हे नाटक करून दाखवावे. नवे यंत्र जाळ्यात आले की त्याला आपला पत्ता ठाऊक नसतो, दुसऱ्याचाही ठाऊक नसतो. म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारते, "इथे पत्ते देणारे कोणी आहे का हो?" पत्ते देणारा उत्तर देतो, "आहे. तू हा पत्ता घे, मुदत इतकी." यंत्र पुन्हा सगळ्यांच्या देखत सांगते, "बरे, मला हाच द्या." आणि देणारा म्हणतो, "दिला. वहीत नोंद केली." चार वाक्ये, आणि हे सारे आपण डोळे मिटून उघडतो तेवढ्यात.

तिसरे वाक्य सगळ्यांच्या देखत का, असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. त्याचे कारण असे की पत्ते देणारे दोन असू शकतात. यंत्राने एकाचा पत्ता घेतला हे दुसऱ्याला कळले पाहिजे, म्हणजे तो आपला देऊ केलेला पत्ता परत कोठीत ठेवील. यंत्र बहुतेक वेळा ज्याचे उत्तर आधी आले त्याचे ऐकते. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, माझी फजिती तिच्यातूनच झाली.

मुदत निम्मी सरली की यंत्र ज्याने पत्ता दिला त्याच्याकडे गुपचूप जाऊन मुदत वाढवून मागते. उत्तर आले नाही तर आठातले सात भाग सरल्यावर ते पुन्हा सगळ्यांना हाक मारते. तरीही कोणी बोलले नाही तर मुदत संपताच पत्ता सोडून देते. संगणकाचा पत्ता कधी १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर समजावे की पत्ता देणारा कोणी भेटला नाही आणि यंत्राने स्वतःच एक पत्ता धारण केला आहे. परगावी मुक्कामाला घर न मिळाल्याने देवळाच्या ओट्यावर पथारी टाकली म्हणाना! रात्र निघते, पण तिथे पत्र येत नाही.

इकडे आपल्या देशात काय चालले होते? १९८६ साली एर्नेट हा शिक्षण आणि संशोधनासाठीच्या जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. पवईची आय. आय. टी. आणि मुंबईचेच एन. सी. एस. टी. हे केंद्र त्यात आरंभापासून होते. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. म्हणजे आपण जाळ्यात शिरलो तेव्हा मुदतीच्या पत्त्याची रीत नुकतीच रांगू लागली होती. आणि तेवढ्यात पत्त्यांचा दुष्काळही दिसू लागला होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरले की काही पत्ते घरातल्या घरात वापरायचे, बाहेर न्यायचे नाहीत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकी. म्हणून जुन्नरच्या शाळेतही १९२.१६८.१०.२५ असतो आणि घोडेगावच्या शाळेतही असू शकतो, आणि भांडण होत नाही. प्रत्येक गावात मारुतीचे देऊळ असते, टपालवाला घोटाळत नाही, तसेच हे. तरीही ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मुख्य कोठीतले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले. त्यानंतरची भिस्त अधिक लांब पत्त्यांच्या नव्या नमुन्यावर आहे. तो नमुना पसरतो आहे, पण जुना अजून गेलेला नाही, आणि शाळाकचेऱ्यांत गाठ पडते ती बहुधा जुन्याशीच.

आता स्विचकडे येऊ. स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. संगणकांच्या तारा ज्या चपट्या पेटीत येऊन मिळतात, जिच्यावर हिरवे दिवे लुकलुकतात, ती पेटी. या जातीचा पहिला अनेक दारांचा स्विच १९९० साली ज्या कंपनीने बाजारात आणला, तिचे नाव होते 'कल्पना'. परदेशातली कंपनी आणि नाव असे आपल्या घरातल्या मुलीचे! विनोद भारद्वाज तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९४ साली ती सिस्को कंपनीने विकत घेतली. आजचे मोठे स्विच तारा जोडण्यापलीकडे पुष्कळ काही करतात. त्यांना सांगून ठेवले तर पत्ते वाटण्याचे कामही तेच करतात.

सांगून ठेवायचे म्हणजे काय? आपल्या शाळेत तीस संगणक आहेत असे धरू. प्रथम स्विचला स्वतःचा कायमचा पत्ता द्यावा, समजा १९२.१६८.१०.१. जो इतरांना पत्ता देणार त्याचाच ठिकाणा बदलता कामा नये. मग १ ते २० हे पत्ते राखीव ठेवावेत, ते कोणाला वाटायचे नाहीत असे स्विचला बजवावे. छापखान्याचे यंत्र, म्हणजे प्रिंटर, आणि कॅमेरे यांना त्यांतले पत्ते हाताने द्यावेत. हे राखून ठेवण्याचे काम आधी करावे, वाटप मागून सुरू करावे. उलट केले तर प्रिंटरचा पत्ता एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाईलला गेलेला असतो.

त्यानंतर पत्त्यांची कोठी उघडावी. तिला पूल म्हणतात. कोठी कोणत्या वस्तीची, हे सांगायचे. १९२.१६८.१० हा भाग वाडीचा, शेवटचा आकडा घराचा, अशी फोड २५५.२५५.२५५.० या आकड्यांनी सांगतात. पिन कोडाच्या पुढच्या आणि मागच्या आकड्यांसारखीच ही फोड. अशा एका वाडीत घरे बसतात २५४. मग वेशीचा पत्ता सांगायचा, म्हणजे गावाबाहेरचे बोलणे कोणत्या दारातून न्यायचे ते. मग नावावरून आकडे सांगणाऱ्या यंत्राचा पत्ता. आणि शेवटी मुदत.

मुदत किती ठेवावी याला ठरलेला आकडा नाही. वस्ती पाहून ठरवावे. संगणकखोलीतली यंत्रे वर्षभर जागची हलत नाहीत, त्यांना आठ दिवसांची मुदत चालते. पण जिथे सकाळी एक घोळका येतो आणि दुपारी दुसरा, तिथे एकदोन तासांची ठेवावी. यात्रेतल्या दुकानाची जागा वर्षाच्या कराराने देत नाहीत. मेळाव्याला तीनशे पालक मोबाईल घेऊन आले आणि मुदत आठ दिवसांची असली, तर अडीचशे पत्ते पहिल्या तासात संपतात, आणि माणसे घरी गेली तरी आठवडाभर अडकून राहतात. त्यातून अलीकडचे मोबाईल आपली खरी जन्मखूण लपवून निराळी सांगतात, खाजगीपणा राखण्यासाठी. ती बदलली की एकच मोबाईल वहीत दोनदा चढतो. मुदत ठरवताना हेही मनात धरावे.

संस्था मोठी असेल, इमारती दोनतीन असतील, तर प्रत्येक इमारतीची वाडी निराळी करतात. पण यंत्राची ती पहिली हाक वाडीच्या वेशीपलीकडे ऐकू जात नाही. मग वेशीवरच्या स्विचला सांगून ठेवतात की हाक ऐकलीस की ती अमुक पत्त्यावर पोचती कर. कोतवालाने वाडीचा निरोप कचेरीत न्यावा, तसे. आणि सगळे झाल्यावर, शिक्षक बंधुभगिनींनो, स्विचला हे कायम लक्षात ठेवायला सांगायला विसरू नका. पुष्कळ स्विच सांगितलेले तात्पुरते ध्यानात ठेवतात. वेगळा हुकूम दिला तरच ते कायम होते. आपल्याकडे वीज जाते. वीज गेली आणि परत आली की स्विच सारे विसरलेला असतो, आणि ज्याने ते केले तो माणूस त्या दिवशी नेमका रजेवर असतो.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात शिकवीत होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरायचे होते आणि तो शेवटचा दिवस होता. डिंभ्याच्या पलीकडच्या वाड्यांतून मुलेमुली एस.टी.ने आली होती. सकाळी काम बरे चालले. अकरा वाजता दोन संगणक बंद पडले, बारा वाजता पाच. विचित्र असे की काही यंत्रे उत्तम चालत होती आणि शेजारची मुळीच नाही. बंद पडलेले यंत्र चालू व्हावे म्हणून आम्ही बंद करून पुन्हा सुरू करावे, तर ते हटकून जायचे. मग चालणाऱ्यांनाही कोणी हात लावीना.

आमचाच एक माजी विद्यार्थी असली कामे करीत असे. त्याला बोलावले. त्याने एका चांगल्या यंत्राचा पत्ता पाहिला, एका बिघडलेल्याचा पाहिला आणि मला म्हणाला, "सर, इथे पत्ते वाटणारे दोघे झालेत."

"अरे, दुसरा कोण येणार?" मी म्हटले.

"तेच शोधायचं आहे, सर. नवीन काही लावलंय का कुणी?"

आणि मला घाम फुटला. आदल्या संध्याकाळी शिक्षकखोलीत वायफाय पोचत नाही म्हणून एका सहकाऱ्याने घरातला जुना राउटर आणला होता. "लावू का?" असे त्याने मला विचारले होते, आणि वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "लाव की बाबा" म्हणणारा मीच होतो. भिंतीतली तार त्याने राउटरच्या भलत्याच खोबणीत खोचली होती. घरातला राउटरही घरच्या यंत्रांना पत्ते वाटीत असतो. आता तो सगळ्या महाविद्यालयाला वाटू लागला. ज्या यंत्रांची जुनी मुदत चालू होती ती चालत राहिली. जे नव्याने हाक मारील त्याला राउटर आधी उत्तर देई, आणि वेस म्हणून आपलाच पत्ता सांगे. त्या वेशीपलीकडे रस्ताच नव्हता!

तार काढली तेव्हा चार वाजून गेले होते. सारी यंत्रे सुरळीत व्हायला आणखी वेळ गेला. दोन मुली अर्ज न भरता निघाल्या, कारण शेवटची एस.टी. चुकली असती तर त्यांना रात्री घरी जायला दुसरे साधन नव्हते. पुढे अर्जांची मुदत वाढली आणि त्यांचे अर्ज गेले, म्हणून निभावले. मुदत वाढली नसती तर? त्या वाढीत माझे काही कर्तृत्व नव्हते.

त्या दिवसानंतर मी हा विषय शिकून घेतला. स्विचला आणखी एक गोष्ट सांगून ठेवता येते, ती त्या महाविद्यालयात कोणी सांगितलेली नव्हती. जिथून खरे पत्ते येतात तेवढेच दार विश्वासाचे. बाकी कोणत्याही दारातून कोणी पत्ते वाटू लागला तर त्याचे बोलणे तिथेच अडवायचे. याला स्नूपिंग म्हणतात. चार ओळींचे काम. ती चार ओळींची आज्ञा असती तर त्या मुली पाच वाजता अर्ज भरून गेल्या असत्या. म्हणून कोणाच्याही शाळेत नवा स्विच बसला की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

जाता जाता खोडदच्या दुर्बिणीचे सांगतो. नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या. साऱ्या काचतंतूंच्या तारांनी मध्यवर्ती केंद्राला जोडलेल्या. प्रत्येक तबकडीला नाव आहे ते जागेवरून. मध्यातल्यांना सी, पूर्वेच्या भुजेला ई, पश्चिमेच्या भुजेला डब्ल्यू, दक्षिणेच्या भुजेला एस आणि पुढे क्रमांक. तबकडी आपल्या पायावर फिरते, आकाशात कुठेही पाहते, पण पाया सोडत नाही. कोणता सूर कोणत्या तबकडीकडून आला हे ठाऊक असले तरच त्या सुरांचा मेळ घालता येतो. असल्या वस्तूचे नाव मुदतीचे ठेवून चालायचे नाही. आणि तिथे पाहायला आलेल्या पाहुण्याच्या मोबाईलला कायमचा पत्ता देणे तितकेच वेडेपणाचे. कायमचा पत्ता चांगला की मुदतीचा, हा वाद म्हणूनच फोल आहे. ज्याची जागा ठरलेली त्याला कायमचा, जो येतो-जातो त्याला मुदतीचा. पण दोघांची नोंद एका वहीत, आणि ती वही कोणाकडे आहे हे सर्वांना माहीत.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. शाळेच्या जाळ्यावरून कोणी काही वावगे केले आणि चौकशी आली, तर अमक्या दिवशी अमक्या वेळी तो पत्ता कोणत्या यंत्राकडे होता, हे वही सांगते. मुदतीचा पत्ता आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. नोंद नसेल, किंवा स्विचचे घड्याळ चुकीचे असेल, तर निरपराध मुलावर बालंट यायला वेळ लागत नाही. म्हणून घड्याळ बरोबर ठेवावे आणि नोंद काही महिने जपावी.

आता पुष्कळ ग्रामपंचायतींत काचतंतूंची तार येऊन पोचली आहे. तारेच्या टोकाला स्विच बसतो, बसवणारा माणूस दुपारच्या गाडीने जातो, आणि मागे राहतात शिक्षक, ग्रामसेवक आणि एखादा हुशार मुलगा. त्यांनी एवढे करावे. एक साधी शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर राखीव पत्ते आणि ते कोणत्या यंत्राला दिले ते लिहावे. दुसऱ्या पानावर कोठी कुठून कुठवर, मुदत किती, आणि विश्वासाचे दार कोणते, ते लिहावे. तिसऱ्या पानावर कोणत्या तारखेला कोणी काय बदलले ते लिहावे, आणि "लाव की बाबा" असे कोणी म्हटले असेल तर त्याचेही नाव लिहावे. लेण्यातल्या त्या दात्याने वीस निवर्तनांची नोंद पाषाणात करून ठेवली म्हणून ती आज आपल्याला वाचता येते. आपली वही दोन हजार वर्षे टिकायची गरज नाही. आपली बदली झाल्यावर येणाऱ्या माणसाला ती कपाटात सापडली, तरी पुष्कळ झाले.